वाळूत पुरलेला पहारेकरी

आखातात जरा खुट्ट झालं की आमच्या रत्नागिरीत फोन खणखणायला लागतात, कारण कोणाचा मुलगा नाहीतर जावई तिकडे कामाला. मग अमेरिका मध्यस्थी करणार अशी बातमी येते आणि टपरीवर ठरलेला डायलॉग, 'त्यांना काय, सॅटेलाईटवरून सगळं दिसतं.' अहो, १९७५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी इजिप्त आणि इस्रायलमध्ये सिनाई या वाळवंटी द्वीपकल्पाबद्दलचा दुसरा करार घडवला तेव्हा हेर उपग्रहाचे फोटो फिल्मवर निघायचे, ती फिल्म पॅराशूटने खाली यायची, मग धुवायची, तोवर रणगाडे कुठच्या कुठे!

भांडण मुख्यतः सिनाईतल्या मितला आणि गिदी या खिंडींचं. आपण मागे हटलो आणि समोरचा घुसला तर, ही धास्ती दोघांनाही. म्हणून तिथे जास्तीत जास्त २०० अमेरिकन सिव्हिलियन बसवायचे ठरले आणि त्यांच्या दिमतीला जमिनीत पुरलेले सेन्सर.

त्यातला माझा लाडका म्हणजे जमिनीची थरथर टिपणारा जिओफोन. डबीला चुंबक पक्कं बसवलेलं आणि नाजूक स्प्रिंगवर तारेची कॉइल लटकलेली. जमीन हलली की डबी आणि चुंबक हलतं, कॉइल मात्र जडत्वामुळे जागच्या जागी, एसटी झटक्यात सुटली की उभा माणूस मागे राहतो ना, तशी. झालं, फॅरेडेचा नियम लागू, चुंबक कॉइलजवळून हललं की तारेत व्होल्टेज. पण कंपनं स्प्रिंगच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीहून संथ असली की कॉइलही चुंबकाबरोबरच डोलते आणि सिग्नल पडतो. आणि गंमत अशी की ट्रकची बरीचशी ऊर्जा जमिनीलगतच्या रॅली लहरींतून जाते, त्या गोल पसरतात म्हणून चौपट अंतरावर उंची निम्मीच होते, पण वाटेत सुकी वाळू जलद कंपनं जास्त खाते, म्हणजे लांबून पोचते ती संथ घरघर, नेमकी जिथे जिओफोन कच्चा! स्प्रिंग जितकी मऊ तितकी तिची स्वतःची फ्रिक्वेन्सी कमी, म्हणून ती किती मऊ ठेवायची यावर सगळा खेळ. माणूस चालला तर सेकंदाला साधारण दोन ठोके, गाडीची सलग थरथर, त्यामुळे फरकही कळतो.

आमच्याकडे अजून तळहातावर नारळ उभा राहिला की तिथेच बोअर मारतात. तो उभा करतं मनगट, नकळत. जिओफोनसमोर ट्रक नेऊन दोन्ही बाजूंना खात्री करता येते, नारळावर इस्रायलने सही केली असती का?

बरं, गाडी कोणाची ते सेन्सरला कळत नाही, ते चौकीवरची माणसं दुर्बिणीने बघायची आणि रिपोर्ट दोन्ही देशांना जायचा. अशाच सेन्सरच्या इशाऱ्यावर अमेरिकेने आधी व्हिएतनाम युद्धात हो ची मिन्ह वाटेवर, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या रसद मार्गावर, बॉम्ब टाकले होते. १९७९ च्या शांतता करारानंतर इस्रायल खिंडींच्या आणखी मागे गेलं आणि तिथला पहारा उठला.