हौशी सुतारकामासाठी सेकंड-हँड मशीन घेणं

गॅरेजमध्ये, गच्चीवरच्या शेडमध्ये किंवा गावच्या पडवीत हौस म्हणून लाकूडकाम करणारे बरेच जण नवं कोरं मशीन न घेता कारखान्यातून किंवा बंद झालेल्या वर्कशॉपमधून निघालेलं मशीन घेतात, त्याबद्दलची ही नोंद. आपल्याकडे सगळ्यात जास्त हाती लागतं ते फळी तासून सपाट करणारं रंधा मशीन, त्यातही एकाच शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) रंधा आणि बाजूला गोल करवत असं जोड मशीन, मग टेबल सॉ (टेबलातून वर येणारी गोल करवत), बँड सॉ (पट्ट्यासारखी फिरणारी करवत), लाकूड फिरवून गोल आकार देणारा लेथ, बेंच ड्रिल. पंजाबातलं बटाला आणि गुजरातेतलं राजकोट ही ओतकामाची आणि मशीनं बनवण्याची जुनी केंद्रं, तिकडचा माल भरपूर फिरतो.

जुनं घ्यायचं मुख्य कारण म्हणजे बीड, म्हणजे ओतीव लोखंड. बिडाचं टेबल जड असतं, थरथर पिऊन टाकतं, आणि तीसचाळीस वर्षांनीही सपाट राहू शकतं. नव्या स्वस्त मशीनचं टेबल पत्र्याचं किंवा पातळ ॲल्युमिनियमचं, त्यावर सागाची जाड फळी ठेवली की सगळं हलायला लागतं. म्हणून माझं मत पक्कं आहे, की बघायचं ते बीड आणि शाफ्ट, कारण बेअरिंग, बेल्ट, पाती, स्विच सगळं बदलता येतं पण वाकलेलं टेबल आणि तडकलेली बॉडी घरी नीट होत नाही. नवा रंग मारलेला असेल तर उलट जास्तच निरखून बघा, रंगाखाली वेल्डिंग लपतं. हलक्या हातोडीने टकटक करा, धड बीड खणखणतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो.

बघायला जाताना सरळ पट्टी, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या), गुण्या (काटकोन तपासायला) आणि टॉर्च न्या. पट्टी टेबलावर उभी, आडवी आणि कर्णात ठेवून खालून उजेड दिसतो का ते बघायचं, रंध्याची दोन्ही टेबलं एकमेकांना समांतर आहेत का ते पण इथेच कळतं. मग बेल्ट काढून शाफ्ट हाताने फिरवा, वाळू असल्यासारखी खरखर लागली तर बेअरिंग गेलंय, त्याचं दुःख नाही, 6204 सारख्या ठरलेल्या नंबरची बेअरिंगं मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीकडे सहज मिळतात. पण शाफ्ट वरखाली हलला आणि बेअरिंगची बैठकच झिजलेली निघाली तर सोडून द्या. वरवरचा गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरने जातो, खोल खड्डे जात नाहीत.

खरी गोची मोटरची होते. कारखान्यातलं मशीन बहुतेक थ्री फेज, 415 व्होल्टचं, आणि घरी 230 व्होल्ट सिंगल फेज. स्टार आणि डेल्टा या मोटरच्या आतल्या गुंडाळ्या जोडायच्या दोन पद्धती. प्लेटवर 415 स्टार लिहिलंय आणि टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं आहेत, तर डेल्टा जोडणी करून सिंगल फेज इनपुटच्या व्हीएफडीवर (सिंगल फेजमधून थ्री फेज तयार करून देणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) मोटर चालवता येते, पण 415 डेल्टा असेल तर तशी पूर्ण ताकद मिळत नाही, मग सरळ नवी सिंगल फेज मोटर बसवलेली बरी. 2 एचपी म्हणजे जवळपास 1500 वॉट, त्याला 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग पाहिजेच. मोटर आधीच कोणी बदललेली असेल तर पुली मोजा. 1440 आरपीएमच्या (मिनिटाला तेवढे फेरे) मोटरवर 6 इंची आणि शाफ्टवर 3 इंची पुली असेल तर करवत 2880 ला फिरते, 10 इंची पात्याला ते ठीक आहे, पण 2880 ची मोटर आणून पुली तशीच ठेवली तर वेग 5760 होतो, तेव्हा पात्यावर छापलेला कमाल आरपीएम वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

माल मिळतो तो फर्निचरचे कारखाने कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनकडे वळताना काढतात त्या लॉटमध्ये, एमआयडीसीतल्या भंगारवाल्यांकडे, सरकारी ई-लिलावात. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार पटाशी, हातरंधे, शिकंजे यांच्यासाठी जास्त कामाचा. बजेटचा निदान तिसरा हिस्सा टेम्पो, पाती, बेल्ट आणि वायरिंगसाठी बाजूला ठेवावा, लोक हे विसरतात आणि मशीन सहा महिने ताडपत्रीखाली पडून राहतं.

बजेटमधलं नवं पोर्टेबल टेबल सॉ फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला सोयीचं आहे, फक्त त्यात कार्बनवाली (कार्बन ब्रशची) मोटर असते, आवाज प्रचंड, आणि कार्बन झिजले की बदलावे लागतात.

जुन्या मशीनला गार्ड बहुतेक वेळा काढून टाकलेलं असतं आणि लोकांची बोटं तिथेच जातात. पात्यामागची फाळ (कापलेलं लाकूड पात्याला चिमटू न देणारी पट्टी), बेल्टवरची जाळी, हाताशी येणारं स्टॉपचं बटण आणि लाइट जाऊन आली तरी मशीन आपोआप सुरू होऊ न देणारा स्टार्टर, एवढं बसवल्याशिवाय पहिली फळी कापायची नाही. चौकोनी कटर ब्लॉकचा (पाती बसवलेला फिरता ठोकळा) फार जुना रंधा तर घेऊच नये, त्यात बोट खोल ओढलं जातं, गोल ब्लॉकवालाच बघावा. भुश्यासाठी मास्क लागतोच, लाकडाची धूळ 1995 पासून कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याआधी टेबल पुसून मेण चोळून ठेवतात. सिलिकॉनचा स्प्रे मारू नये, तो लाकडाला लागतो आणि नंतर पॉलिश धरत नाही.