आखाजीच्या रात्रीचं वादळ आणि सूर्यावरचा पातळ पदर

१० मे २०२४ ला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. खान्देशात माहेरवाशिणींचे झोके निंबाला टांगलेले, घरोघरी खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस. त्याच रात्री २००३ नंतरचं सर्वांत तीव्र सौर वादळ पृथ्वीवर धडकलं आणि लडाखात हानलेचं आकाश लालसर झालं. ते फोटो पाहून आमच्याकडे पहिला प्रश्न आला तो उन्हाचा: ‘म्हणून एवढं तापतंय का?’ नाही. मे महिन्यात भुसावळ तापायला सूर्यावर स्फोट व्हावा लागत नाही.

पण सूर्यावर स्फोट होतो कसा, हे समजायला झोका कामाचा आहे. पोरं झोक्याच्या दोरांना पीळ घालतात आणि पाय उचलले की गरगर फिरतात. सौर डागांच्या, म्हणजे सूर्यावरच्या काळपट ठिपक्यांच्या आसपास चुंबकीय क्षेत्राला असाच पीळ बसत जातो, त्यात ऊर्जा साठते. फरक एवढाच, की झोक्याचा दोर आपोआप उलगडतो. सूर्यावरच्या चुंबकी रेषा तप्त प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित वायूत, जणू गोठलेल्या असतात. त्या तुटून दुसरीकडे जुळल्या तरच ऊर्जा मोकळी होते. उलट दिशांच्या रेषा एकमेकींवर दाबल्या गेल्या की मधे विद्युतप्रवाहाचा पातळ पदर तयार होतो. हीच करंट शीट, आणि तिच्यातली तोडजोड म्हणजे चुंबकीय पुनर्जोडणी.

१ सप्टेंबर १८५९ ला रिचर्ड कॅरिंग्टन यांनी डागांचं चित्र काढताना पहिली सौरज्वाला, म्हणजे सूर्यावरचा अचानक भडका पाहिला, पण तिचं कारण कळायला शंभर वर्षंही पुरली नाहीत. १९४६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रोनाल्ड जिओव्हानेली यांनी बोट दाखवलं ते जिथे चुंबकीय क्षेत्र शून्य होतं त्या बिंदूंकडे. १९५३ मध्ये जेम्स डंजी यांनी तिथे रेषा तुटून जुळू शकतात हे मांडलं. मग पीटर स्वीट आणि युजीन पार्कर यांनी १९५६-५७ च्या सुमारास गणित केलं, आणि खरी पंचाईत तिथे झाली. गणिताप्रमाणे एका ज्वालेला महिने लागायला हवेत. ज्वाला तर मिनिटांत भडकते! १९६४ मध्ये हॅरी पेटशेक यांनी पदर आखूड करून, बाकीचं काम आघात-लहरींवर सोपवून वेग वाढवला. पुढे कळलं, की लांब पदर स्वतःच फाटतो, त्यात चुंबकी बेटं, म्हणजे रेषांची बंद वेटोळी, तयार होतात आणि काम झपाट्याने उरकतं. मला हे उत्तर जास्त पटतं.

दरम्यान कारमायकल, स्टरॉक, हिरायामा, कॉप आणि न्यूमन यांच्या कामातून १९७६ पर्यंत एक चित्र उभं राहिलं: द्रव्याचा गोळा वर उडतो, खाली तप्त कमानी उरतात, आणि दोघांना जोडणारा पदर मधे ताणला जातो. १३ जानेवारी १९९२ ला जपानच्या योहको उपग्रहाला कमानीच्याही वर क्ष-किरणांचा स्रोत दिसला. २३ मार्च १९९८ च्या उद्रेकामागे सोहो यानाने सुमारे ६० लाख अंशांची अरुंद पट्टी टिपली. १० सप्टेंबर २०१७ ला तर पदर सूर्याच्या कडेवर नेमका बाजूने दिसला, लांबच लांब. गोची अशी, की सिद्धांतात ज्याची जाडी मीटरांत मोजावी, तो निरीक्षणात हजारो किलोमीटर रुंद दिसतो. आतली खळबळ त्याला फुगवते की काय, हा वाद अजून चालू आहे.

सूर्याचा अभ्यास करणारं भारताचं आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ ला जागेवर पोचलं होतं. पण आखाजीच्या रात्री त्यावरच्या दोन दुर्बिणी, प्रभामंडल, म्हणजे सूर्याचं बाहेरचं विरळ वातावरण पाहणारी व्हीईएलसी आणि पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडलेली अतिनील दुर्बीण सूट, कॅलिब्रेशनसारख्या कामात होत्या. त्या रात्रीची नोंद यानावरच्या इतर उपकरणांनी केली. सूटने टिपलेली सूर्याची चित्रं नंतरच्या दिवसांतली आहेत.