उत्पादनाच्या नावात टॅग टाकण्याआधी हे वाचा

‘नाव ठळक दिसावं म्हणून बी टॅग टाकला, तर पानावर टॅगच उमटला. तेवढं बंद करून द्या.’ आम्ही दुकानांच्या साईट बनवतो आणि अशी विनंती आमच्याकडे वारंवार येते. टॅग म्हणजे ब्राउझरसाठीची खूण: <b> पासून अक्षरं ठळक होतात, </b> ने ते बंद होतं. हा बिघाड नाही, आम्ही मुद्दाम ठेवलेली सोय आहे.

वेब पान दोन रीतींनी तयार होतं. टेक्स्ट टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, एचटीएमएलचा (टॅग असलेल्या पानाच्या भाषेचा) मजकूर आधीच लिहिलेला असतो आणि मधल्या मोकळ्या जागांत नाव, किंमत भरली जाते. जँगो, जिंजा या प्रणालींची टेम्प्लेटं त्यातलीच. कुठला टॅग उघडा राहिला, हे टेम्प्लेटला कळत नाही. त्याच्या लेखी सगळी नुसती अक्षरं. दुसऱ्या रीतीत आधी पानाचं झाड बांधतात: विभागात मथळा, मथळ्यात मजकूर. त्याचं एचटीएमएल शेवटी आपोआप लिहिलं जातं. रिअ‍ॅक्ट हे पानं बांधायचं साधन असंच चालतं आणि नव्या साईटची उत्पादन-पानं आम्हीही अशीच करतो. नावाच्या रकान्यात काहीही आलं तरी ते मजकूर म्हणूनच छापलं जातं.

जुन्या साईट जँगो टेम्प्लेटवर आहेत. जँगो १.० पासून, म्हणजे २००८ पासून, तिथेही <, >, " आणि & अशी धोक्याची चिन्हं आपोआप त्यांच्या एचटीएमएल कोडमध्ये बदलली जातात. पण टॅग चालावा म्हणून काही ग्राहक ओळखीच्या डेव्हलपरकडून नावाला ‘सेफ’ फिल्टर, म्हणजे ‘हे न बदलता जसंच्या तसं छापा’ अशी सूचना, लावून घेतात, आणि हे संरक्षण तिथेच संपतं. सगळ्यांचा वेळ खाणारी चूक ती हीच.

हार्डवेअरच्या दुकानाचं उदाहरण घ्या. नाव आहे: १/२" पीव्हीसी पाईप. चौकशी फॉर्ममध्ये हे नाव लपवलेल्या रकान्यात, दुहेरी अवतरणांच्या आत जातं. ‘सेफ’ असेल तर इंचाच्या खुणेलाच ब्राउझर रकान्याचा शेवट समजतो. तुम्हाला मेल येतो तो फक्त ‘१/२’ एवढाच. गिऱ्हाइकाला पाईप हवा होता की एल्बो, कळायला मार्ग नाही. परिच्छेदातल्या नावात बी टॅग बंद करायचा राहिला, तर खालचं बरंचसं पान फूटरपर्यंत ठळक होतं. ब्राउझर चूक दाखवत नाही, त्यामुळे शोधायला वेळ जातो. अभिप्रायाच्या रकान्याला ‘सेफ’ लावणं तर त्याहून वाईट: कुणीही तिथे स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून ती तुमच्या गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये चालवू शकतो.

म्हणून नाव साधं लिहा. ‘नट & बोल्ट’ असेल तर & तसाच टाइप करा; त्याचा एचटीएमएल कोड (&) हाताने लिहिलात तर पानावर तो कोडच दिसेल. ठळक अक्षरं, यादी, लिंक हवी असेल तर ‘वर्णन’ रकान्यातली बटणं वापरा. तिथे मोजकेच टॅग चालतात आणि उघडे राहिलेले आम्ही सेव्ह करतानाच बंद करतो.

झाडाच्या रीतीने सगळंच सुटतं असं नाही. लिंकच्या पत्त्यात ‘जावास्क्रिप्ट:’ लिहिलेलं असेल (अशा लिंकवर क्लिक केल्यावर स्क्रिप्ट चालते) तर झाडही ते अडवेलच याची खात्री नसते, म्हणून पत्त्याची सुरुवात आम्ही वेगळी तपासतो. ऑर्डरचे साधे मेल मात्र आम्ही आजही टेक्स्ट टेम्प्लेटनेच करतो. तिथे टॅग नसतातच, झाडाचा खटाटोप कशाला?

तुमची साईट जुनी असेल आणि टेम्प्लेटमध्ये कुणी हात घातला असेल, तर फाइली आमच्याकडे पाठवा. ‘सेफ’ कुठे कुठे लावलं आहे त्याची यादी आम्ही करून देतो. पूर्ण साईट बदलायची गरज सहसा पडत नाही; आधी फक्त उत्पादनाचं पान आणि चौकशी फॉर्म झाडावर आणता येतो. त्याचा खर्च काम सुरू करण्याआधी लेखी कळवतो.