शेरूला माळ चालते, सुतळी बॉम्ब नाही

आमच्या गल्लीतला शेरू हजारची माळ लागली की दोन मिनिटं भुंकतो आणि वैतागून जिन्याखाली जाऊन बसतो, पण कोणीतरी दहा-दहा मिनिटांनी एकेक सुतळी बॉम्ब उडवायला लागलं की त्याचं जे थरथरणं सुरू होतं ते मध्यरात्र उलटली तरी थांबत नाही. आधी मला वाटायचं आवाजाचा फरक असेल. तो आहेच, पण तेवढंच नाहीये.

कानाचं आधी बघू. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांपर्यंत, मांजराला तर ६० हजारांच्याही वर. आपल्याकडचा नियम असा की फटाका फुटतो तिथून ४ मीटरवर आवाज १२५ डेसिबलच्या वर जायला नको. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे हिशोब केला तर ३२ मीटरवरही १०७ उरतातच, आणि गल्लीत भिंतींवर आपटून आवाज परत येतो तो वेगळाच.

पण खरी गोम 'कधी' यात आहे. १९७० च्या आसपास अमेरिकेत 'जे वाइस' नावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांना अगदी सारखेच शॉक दिले, फक्त काहींना शॉकच्या आधी बीप ऐकवली आणि काहींना बीपचा आणि शॉकचा काही मेळच ठेवला नाही. या दुसऱ्यांच्या पोटात अल्सर कितीतरी जास्त झाले. कारण सरळ आहे, बीप वाजत नाही तोवर पहिला उंदीर निवांत, दुसऱ्याला निवांत असा क्षणच नाही. माझ्या मते सुतळी बॉम्बच्या रात्री शेरू हा तो दुसरा उंदीर असतो. धडधड खाली यायच्या आत पुढचा बार. आणि 'होईल सवय' म्हणतात ना, बऱ्याच कुत्र्यांत उलटं होतं, दरवर्षी भीती वाढत जाते.

म्हणून मला वेळ ठरवणं हा उपाय सगळ्यात पटतो. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली ती मुख्यतः हवेसाठी, पण कुत्र्या-मांजरांनाही तीच उपयोगाची. ग्रीन फटाक्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नका, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने ते बनवले ते धूर कमी व्हावा म्हणून (किमान ३० टक्के), बार वाजायचा तो वाजतोच.

पक्ष्यांना वेळेचा काही उपयोग नाही, त्यांना जागा महत्त्वाची. ३१ डिसेंबर २०१० च्या रात्री अमेरिकेत आर्कान्सातल्या बीबी गावात फटाक्यांनी दचकून झाडांवरचे हजारो पक्षी अंधारात उडाले आणि घरांवर, खांबांवर आपटून मेले. त्यांना रात्री नीट दिसतच नाही हो. तमिळनाडूत वेट्टंगुडी पक्षी अभयारण्याजवळची गावं कित्येक वर्षं दिवाळीत फटाकेच लावत नाहीत, पाहुणे पक्षी उठतील म्हणून. आपल्याला निदान साळुंक्यांच्या वडाखाली रॉकेट न लावणं जमायला हरकत नाही.

घरात कुत्रं असेल तर उजेडातच फिरवून आणा, गळ्यात फोन नंबरचा पट्टा, रात्री खिडक्या बंद, पंखा-टीव्ही चालू. जवळ घेतलं की भीती वाढते ही अफवा आहे, खुशाल घ्या. माणसांच्या गोळ्या मात्र देऊ नका, मांजराला तर साधी पॅरासिटामॉलही जीवघेणी ठरते, डॉक्टरांना आठवडाभर आधीच विचारा.

यंदा आमच्या गल्लीत साडेनऊला बॉम्ब बंद, नंतर फक्त फुलबाज्या आणि भुईचक्रं असं ठरलंय, बारकी पोरं कुरकुरतायत. पण नरकचतुर्दशीच्या पहाटेचा पहिला बार कोण काढणार यावरची भांडणं अजून मिटलेली नाहीत, आणि तो पाचला वाजणार की साडेपाचला हे शेरूला कोणीच सांगितलेलं नाही.