मधमाश्यांना धूर का देतात? जुनी गोष्ट आहे ही

पेटीतल्या माश्यांना धूर दिला की त्या शांत होतात हे माणसाला फार आधीपासून माहितीये, इजिप्तमधे रेखमिरे नावाच्या वजिराच्या थडग्यात साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं चित्र आहे, त्यात एकजण धुराचं भांडं धरून उभा आणि दुसरा मधाची पोळी काढतोय. पण असं का होतं, याचं उत्तर मात्र खूप उशिरा मिळालं.

अॅरिस्टॉटलने लिहून ठेवलंय की धूर लागला की माश्या हावरटासारखा मध खातात. त्यावरूनच ती फेमस थिअरी, आग लागली असं वाटून घर सोडायच्या तयारीत पोट भरून घेतात आणि मग सुस्त होतात. चूक नाहीये ती, पण अर्धीच आहे, कारण सगळ्याच माश्या काही मध पीत नाहीत.

मधल्या काळात धूर द्यायचं हत्यार सुधारलं. १८७३ मधे न्यूयॉर्क राज्यातल्या मोझेस क्विनबीने पत्र्याच्या नळकांड्याला भाता जोडला, एका हाताने चालणारा स्मोकर, फक्त तो सारखा विझायचा, मग काही वर्षांत बिंगहॅमने हवा खेळती राहील अशी सोय केली. आजचा स्मोकर जवळपास तोच.

उरलेलं अर्धं उत्तर वासात आहे. माशी डंख मारते तेव्हा एक केमिकल सुटतं, पिकल्या केळ्यासारखा वास, म्हणजे बाकीच्यांना 'या इकडे' असा निरोपच. त्यातलं मुख्य द्रव्य, आयसोपेंटाइल अॅसिटेट, १९६२ मधे ओळखलं गेलं. आणि १९९५ मधे कॅलिफोर्नियात माश्यांच्या मिशांना (वास त्या मिशांनीच घेतात) वायरी लावून बघितलं तर धुरानंतर या वासाला मिळणारा रिस्पॉन्स कमी, १०-२० मिनिटांत परत नॉर्मल. फुलाच्या वासाचंही तेच, म्हणजे एकूण नाकच बंद!

आता हे वाचून गडावर आग्या मोहोळाखाली चूल पेटवू नका प्लीज. ते पोळं उघड्यावर लटकलेलं असतं, तिथे धुराने माश्या उठतात आणि अख्ख्या ग्रुपच्या मागे लागतात, दरवर्षी बातम्या येतातच की.

आणि सगळेच कीटक धुराला वैतागतात असंही नाही. गोठ्यात कडुनिंबाचा धूर करतो ते डास पळवायला, पण मेलॅनोफिला नावाचे भुंगे उलट धुराकडे धावतात, कारण ताज्या जळालेल्या लाकडात त्यांना अंडी घालायची असतात. १९४३ मधे लिन्सली या कीटकतज्ज्ञाने नोंद केलीये, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या स्टेडियममधे मॅचला लोक सिगरेटी ओढत बसायचे तेव्हा हे भुंगे तिथे यायचे आणि प्रेक्षकांना चावायचे.