लांबच्या सागरी प्रवासासाठी छोटी शिडाची बोट निवडताना

बोटीची पाहणी करून घ्यायला आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक आधी लांबीचे विचारतात, "किती फुटी घ्यावी?" आम्ही त्यावर दोन प्रश्न विचारतो. बोटीत काय काय भरणार आहात? आणि मध्यरात्री वारा वाढला की शीड आखूड करायला कोण उठणार आहे? याची उत्तरे मिळाली की बोट बरीचशी ठरते.

भाराचा हिशेब

दोन माणसे आणि महिनाभराची मजल धरा. माणशी रोज ४ लिटर म्हटले तरी पाणीच २४० किलो झाले. शिधा सव्वाशे किलोच्या आसपास. नांगराची ८ मिलिमीटर जाडीची साखळी मीटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे ५० मीटरचे ७५ किलो. त्यात डिझेल, गॅस, लाइफ राफ्ट (संकटातला तराफा), अवजारे, सुटे भाग, कपडे आणि पुस्तके (पुस्तकांचे वजन सगळेच विसरतात) मिळवली की आकडा ७०० किलोपर्यंत जातो. पाच टनी बोट एवढे सहज पोटात घालते. अडीच टनी बोटीत तेवढेच सामान भरले तर ती पाण्यात खोल बसते, मंदावते आणि लाटेवर चटकन उचलली जात नाही. म्हणून जाहिरातीत लांबीबरोबर वजनही पाहा. छापलेले वजन बहुधा रिकाम्या बोटीचे असते.

वेग आणि हाताचे बळ

बोट पाण्याला जिथे टेकते तिथली लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. जड बोटीचा कमाल वेग साधारण तेवढे नॉट (तासाला सागरी मैल) असतो. २५ फुटांना ६.७ नॉट, ३६ फुटांना ८. प्रत्यक्षातली सरासरी याहून बरीच कमी पडते. छोटीने दिवसाला १०० सागरी मैल कापले आणि मोठीने १४०, तर २,००० मैलांच्या टप्प्यात पाच-सहा दिवसांचा फरक पडतो. तेवढे जास्तीचे पाणी आणि शिधा छोटीलाच वाहावा लागतो, हे खरे.

तरीही आम्ही बहुतेक जोडप्यांना २८ ते ३४ फुटांच्या आतच राहायला सांगतो. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, आणि रात्रभर पहारा केलेल्या माणसाचे बळ निम्म्यावर आलेले असते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ३२ फुटी 'सुहैली'तून. सागवानी, जड आणि लांब कीलची (कील म्हणजे तळाखालचा वजनदार कणा) ही बोट वेगवान मुळीच नव्हती. पण ती प्रदक्षिणा ज्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीचा भाग होती, तिच्यात शेवटपर्यंत पोहोचलेली ती एकमेव.

उलटली तर सरळ होईल का?

१९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने १५ स्पर्धकांचा बळी घेतला. त्यानंतरच्या अभ्यासातून एक सोपी कसोटी रूढ झाली. बोटीचे किलोतले वजन १,०२५ ने भागा, उत्तराचे घनमूळ काढा आणि मीटरमधल्या रुंदीला त्याने भागा. उत्तर २ पेक्षा कमी हवे. २.७ मीटर रुंद, ४,००० किलोच्या बोटीचे उत्तर १.७ येते. ३.२ मीटर रुंद, २,८०० किलोची बोट २.३ वर जाते. ऐसपैस केबिनमुळे ती बंदरात फार आवडते, पण अशी रुंद, हलकी बोट एकदा पालथी झाली की तशीच राहण्याचा धोका अधिक. मात्र ही कसोटी नुसती चाळणी आहे. वजन तळाशी आहे की डोलकाठीवर, हे तिला कळतच नाही. म्हणून किती अंशांपर्यंत कलंडून बोट परत सरळ होते, याचा आलेखही मागून घ्या.

जुनी बोट घेताना

फायबरग्लासच्या तळावर फोड दिसले की लोक घाबरून मागे फिरतात. फोडांमुळे बोट बुडाल्याचे क्वचितच घडते. खरी भीती डोलकाठीच्या तारांची. त्या ज्या पोलादी पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्या डेकमधून आत जातात तिथे पाणी झिरपते आणि चकचकीत स्टेनलेस आतून कुजत जाते. तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर त्या बदलण्याचा खर्च आधीच सौद्यात धरा. डेकवर प्लॅस्टिकच्या हातोडीने टकटक करत फिरा. बद्द आवाज आला तिथला डेकच्या आतला गाभा भिजलेला असू शकतो. कील जिथे तळाला जोडली आहे तिथली भेग आणि सुकाणूतून ठिबकणारे पाणी या गोष्टी आम्ही स्वतः तपासतो. इंजिन चालू करून पाहायचे असेल तर आधी ते थंड आहे ना, हात लावून बघा.

स्वयंचलित सुकाणूसाठी वाऱ्यावर चालणारे यंत्र आम्हाला पसंत आहे, कारण त्याला वीज लागत नाही. ते बसवायला मागे जागा आहे का, हे पाहा. आणि झोपण्याची निदान एक जागा बोटीच्या मधोमध, पडणार नाही अशी आडोशाची हवी. पुढच्या टोकाचा प्रशस्त पलंग भर समुद्रात निरुपयोगी असतो.

पाहणीसाठी बोलावताना ठरवलेला मार्ग, माणसांची संख्या आणि सामानाची वजनासह यादी पाठवा. वीसेक नॉट वाऱ्यात एक फेरीही ठरवून ठेवा. त्यात शीड तुम्हीच आखूड करायचे, मालकाने नाही. पाहणी आम्ही बोट पाण्याबाहेर काढूनच करतो. मालक त्याला तयार नसेल तर अहवाल देत नाही.