छोट्या छेदाच्या हृदयशस्त्रक्रियेत पायाच्या रक्तपुरवठ्याचे रक्षण

या शस्त्रक्रियेत उजव्या बरगड्यांमधल्या ५ ते ७ सेंमी छेदातून हृदयाची झडप दुरुस्त करतात किंवा बदलतात. एवढ्या छेदात हार्ट-लंग मशीनच्या (शस्त्रक्रियेपुरते हृदय आणि फुफ्फुसाचे काम करणारे यंत्र) नळ्यांना जागा नसते. म्हणून त्या जांघेतून, पायाला रक्त नेणाऱ्या फेमोरल धमनीत आणि शेजारच्या शिरेत घालतात. धमनीतली नळी रक्त वर महाधमनीकडे ढकलते. खाली पायाकडे जायची वाट मात्र तीच अडवते. नळीचे माप फ्रेंचमध्ये मोजतात: ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी, म्हणून १८ फ्रेंचची नळी ६ मिमी जाड. सडपातळ बाईची धमनी जवळपास तेवढीच असते. नळी तिच्यात बाटलीच्या बुचासारखी बसते.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या रुग्णांत तपासणीच्या वेळीच दोन गोष्टी बघाव्या लागतात. बिडी-तंबाखूची जुनी सवय असेल तर पायाच्या धमन्या आधीच अरुंद असू शकतात. घोट्याचा रक्तदाब आणि पोटापासून जांघेपर्यंतची सीटी अँजिओग्राफी हवीच. दुसरी गोष्ट सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक दोषाची. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत हा दोष बराच आढळतो. तुंबलेले, थंड, ऑक्सिजन घटलेले रक्त म्हणजे पेशी विळ्यासारख्या होण्याला आमंत्रण. अशा रुग्णाचे शरीर मशीनवर शक्यतो थंड करत नाहीत आणि आजार पूर्ण स्वरूपाचा (आई-वडील दोघांकडून दोष आलेला) असेल तर आधी रक्त बदलून सिकल हिमोग्लोबिन साधारण ३० टक्क्यांखाली आणतात.

अडलेल्या पायाला रक्त देण्याचा खरा उपाय म्हणजे पायाकडे तोंड केलेली दुसरी, बारीक नळी. ५ ते ८ फ्रेंचची ही नळी मांडीच्या वरवरच्या फेमोरल धमनीत खालच्या दिशेने घालून मुख्य नळीच्या बाजूच्या तोटीला जोडतात. ती मुख्य नळीच्या आधीच घालावी: धमनी भरलेली आणि ठोके देणारी असताना सोनोग्राफीत सहज सापडते, नंतर ती चपटी पडते आणि सुई भिंतीत शिरते. रक्त गोठू न देणारे हेपरिन शरीराच्या दर किलोमागे ३०० ते ४०० युनिट देऊन एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) ४८० सेकंदांवर गेल्यावरच मशीन सुरू होते. जोडताना नळीतला शेवटचा बुडबुडाही काढावा लागतो. त्याच्यापुढे थेट पाऊलच असते. बारीक नळीतून मिनिटाला निदान १०० मिलि रक्त जावे. दुसरा मार्ग म्हणजे धमनीला ८ मिमीची कापडी नळी टाके घालून बसवणे. तिच्यातून रक्त वर-खाली दोन्हीकडे जाते, पण वेळ लागतो आणि टाक्यांतून झिरपते.

मशीन चालू असताना नाडीला ठोका नसतो, त्यामुळे पायाच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर काही सांगत नाही. दोन्ही पोटऱ्यांवर एनआयआरएसच्या (प्रकाशकिरणांनी स्नायूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या) पट्ट्या लावून भुलीआधीचा आकडा टिपून ठेवतात. दोन्ही आकडे एकदम घसरले तर दोष मशीनच्या प्रवाहात, रक्तदाबात किंवा हिमोग्लोबिनमध्ये. एकाच पायाचा २० ते २५ टक्के घसरला तर दोष बहुधा नळीत. मग आधी तोटी बंद राहिली का, कापडाखाली नळी मुडपली का, टोक धमनीच्या फांदीत सरकले का, गुठळी झाली का, हे बघतात. पाय पांढरा न पडता निळसर फुगला तर अडथळा शिरेतल्या २२ ते २५ फ्रेंच नळीचा असतो. तिथे धमनीतली बारीक नळी कामाची नाही.

चार ते सहा तास रक्ताविना राहिलेला स्नायू मरू लागतो. नसा त्याआधीच बधिर होतात. अधिक दगा देतो तो नंतरचा काळ. रक्त परत आले की पोटरी सुजते आणि आतला दाब वाढतो. आयसीयूत गुंगीतला रुग्ण दुखते म्हणू शकत नाही, म्हणून परिचारिकेने दर तासाला पोटरी दाबून बघावी. ती पाटीसारखी टणक लागली, पाऊल वर वाकवताना रुग्ण विव्हळला, तर घोट्याची नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नये. नाडी सगळ्यात शेवटी जाते. डायस्टोलिक दाब (रक्तदाबाचा खालचा आकडा) आणि पोटरीतला दाब यांत ३० मिमी पाऱ्याहून कमी फरक उरला, तर पोटरीतल्या स्नायूंचे चारही कप्पे कापून उघडतात. रक्तातले पोटॅशियम आणि सीपीके (इजा झालेल्या स्नायूतून रक्तात येणारे द्रव्य) त्याच वेळी तपासतात, कारण मेलेल्या स्नायूचा भार पुढे मूत्रपिंडावर येतो.